जुनं घर विकायचंय, पण बँक कर्ज देत नाही

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या टपालात जुन्या घरांबद्दलचीच पत्रं जास्त आली. गिऱ्हाईक मिळालं, दर ठरला, इसार घेतला आणि मग बँकेत गाडी अडली, असंच बहुतेकांचं म्हणणं आहे. म्हणून हे सदर या अंकापुरतं त्याच विषयाला दिलं आहे. उत्तरांतल्या रकमा हिशेब कळावा म्हणून आहेत. व्याजदर आणि शुल्क व्यवहाराच्या दिवशीचेच धरावेत.

प्रश्न : कोल्हापुरात राजारामपुरीतल्या साधारण ३५ वर्षांच्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. ३२ लाखांना व्यवहार ठरला होता. गिऱ्हाइकाच्या बँकेनं किंमत २७ लाख धरली आणि कर्जाची मुदत १० वर्षंच दिली. गिऱ्हाईक मागं सरलं. पुढच्या वेळी हे टाळता येईल का?

उत्तर : तुमच्याकडं एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या आहेत. एक, किंमत कमी धरली गेली. दोन, मुदत कापली गेली. गिऱ्हाईक बहुधा दुसऱ्या कारणानं गेलं असावं.

आधी किंमत बघू. करारातली रक्कम आणि बँकेच्या व्हॅल्युअरनं (घराची किंमत ठरवणाऱ्या जाणकारानं) काढलेली रक्कम यांतली कमी असेल ती बँक धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, पण ती कमाल मर्यादा आहे. जुन्या इमारतीला बँक हात आखडता घेते. ८० टक्के धरले तर २७ लाखांवर २१ लाख ६० हजार मिळतात. ठरलेल्या ३२ लाखांतले उरलेले १० लाख ४० हजार गिऱ्हाइकानं पदरचे घालायचे. त्यावर महापालिका हद्दीतलं ६ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे १ लाख ९२ हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. एकूण १२ लाख ६२ हजारांची पदरची तयारी लागते. खरेदी फक्त बाईच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे इथं ३२ हजार वाचतात. हे गिऱ्हाइकाला पहिल्याच बैठकीत सांगावं. पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता मुदत. २१ लाख ६० हजारांचा ९ टक्के दरानं २० वर्षांचा हप्ता साधारण १९,४३० रुपये पडतो. तेच कर्ज १० वर्षांत फेडायचं तर हप्ता २७,३६० वर जातो. महिन्याला जवळपास आठ हजारांचा फरक. पगारदार माणूस तिथंच थांबतो. दरात पन्नास हजार कमी केल्यानं हा फरक भरून निघत नाही, हे विक्रेत्यांच्या लक्षात येत नाही आणि ते उगाच दर पाडत बसतात.

मुदत कशी ठरते? आरसीसी इमारतीचं आयुष्य व्हॅल्युअर साधारण ६० वर्षं धरतात. अनेक बँका म्हणतात, कर्ज फिटल्यावरही इमारतीला पाचेक वर्षं शिल्लक राहिली पाहिजेत. ६० मधून ३५ गेले, २५ उरले, त्यातून ५ वजा केले की २० वर्षं मुदत मिळायला हवी होती. तुम्हाला १० मिळाली, याचा अर्थ व्हॅल्युअरनं शिल्लक आयुष्य १५ च्या आसपास लिहिलं. त्यानं काहीतरी पाहिलं असणार : जिन्याखालच्या बीमला भेग, बाल्कनीच्या स्लॅबचं सुटलेलं प्लॅस्टर, पार्किंगमधल्या कॉलमला उघडी पडलेली गंजकी सळी. गिऱ्हाइकाशी बोलणं असेल तर त्या अहवालाची प्रत मागून घ्या. कारण नेमकं त्यात लिहिलेलं असतं.

उपाय एकट्या फ्लॅटचा नाही, इमारतीचा आहे. ३० वर्षांवरच्या इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणं महापालिका कायद्यानंच बंधनकारक आहे, तेव्हा सगळ्या फ्लॅटधारकांना एकत्र करायला हे कारण पुरेसं आहे. ऑडिट नुसत्या नजरेनं केलेला नको. काँक्रीटचा कठीणपणा बघणारी रिबाउंड हॅमर आणि आतल्या भेगा-पोकळ्या शोधणारी अल्ट्रासॉनिक चाचणी हव्यातच. शिवाय कार्बोनेशनची, म्हणजे हवेमुळं काँक्रीटचा क्षारपणा किती गेला त्याची, चाचणी आग्रहानं करून घ्या. काँक्रीट फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडतात. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळीला जपतंय. रंग आला नाही आणि तो बिनरंगाचा थर सळीपर्यंत पोचला असेल, तर ओल मिळताच सळी गंजणार. जुन्या स्लॅबमध्ये सळीवर जेमतेम १५-२० मिलिमीटर आवरण असतं, त्यामुळं पहिला फटका स्लॅबलाच बसतो.

दुरुस्ती करताना विक्रीच्या घाईत सिमेंट-वाळूचा गिलावा फासून वर रंग मारू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आतून तो फुगतच राहतो आणि नवा गिलावा एक-दोन पावसाळ्यांत सुटतो. सुटं काँक्रीट सळीच्या मागच्या बाजूपर्यंत काढायचं, सळी घासून चकचकीत करायची, तिला गंजरोधक लेप द्यायचा आणि मग पॉलिमर मॉर्टर थराथरानं भरायचं. सळीचं लोखंड चतुर्थांशाच्या आसपास झिजलं असेल तर शेजारी नवी सळी जोडावी लागते. आणि या सगळ्याच्या आधी पाणी बंद करायचं. बहुतेक वेळा ते वरच्या मजल्याच्या न्हाणीतल्या ट्रॅपमधून नाहीतर गच्चीच्या फुटक्या कोब्यातून येत असतं. दुरुस्तीची बिलं, फोटो आणि अभियंत्याचा समाप्तीचा दाखला एका फायलीत लावा. व्हॅल्युअरच्या हातात ती फाईल पडली की शिल्लक आयुष्याचा आकडा बदलू शकतो.

२७ लाखांचं दुसरं कारण क्षेत्रफळात असू शकतं. जुन्या करारांत बिल्टअप चौरस फूट लिहिलेले असतात, काही ठिकाणी जिना आणि पॅसेजही त्यात मोजलेला असतो. व्हॅल्युअर आतून टेप लावून कार्पेट मोजतो आणि मंजूर नकाशाशी ताडून बघतो. बाल्कनी बंद करून खोली केली असेल आणि नकाशात ती उघडी असेल, तर ते क्षेत्र तो खोली म्हणून धरत नाही. नियमित करण्याजोगं असेल तर वास्तुविशारदामार्फत नगररचना विभागाकडं अर्ज करा. नसेल तर त्या जागेचे पैसे मागू नका.

कागदांचं म्हणाल तर कोल्हापुरातली बरीच जुनी अपार्टमेंट १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. तिथं दोन दस्त पाहिजेत : बिल्डरनं नोंदवलेलं घोषणापत्र आणि तुमच्या फ्लॅटचं अपार्टमेंट डीड, ज्यात जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. पुष्कळांकडं फक्त बिल्डरबरोबरचं साठेखत (खरेदीआधीचा करार) असतं, डीड कधी झालेलंच नसतं. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) मूळ जमीनमालकाचंच नाव असतं आणि घरफाळा मात्र तुमच्या नावावर येत असतो. घरफाळ्याची पावती म्हणजे मालकी नव्हे. डीड राहिलं असेल तर बिल्डर किंवा त्याचे वारस सापडतात तोवर ते करून घ्या, गिऱ्हाईक शोधणं नंतर.

पहिल्या खरेदीपासून तुमच्यापर्यंतची साखळी अखंड हवी : प्रत्येक दस्त, त्याची नोंदणी पावती, सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा). मधला एखादा मूळ दस्त हरवला असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल आणि प्रतिज्ञापत्र, असा क्रम आहे. एखाद्या जुन्या दस्तावर मुद्रांक कमी लागला असेल तर कमी पडलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के दंड चढतो. तो दस्त सहजिल्हा निबंधकांकडून नियमित करून घ्यावा लागतो.

आणखी एक साधं काम, जे कुणी करत नाही. तुमच्याच इमारतीत गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाला कर्ज मिळालं आणि कुठल्या बँकेचं, ते विचारा. त्या बँकेच्या वकिलानं इमारतीच्या जमिनीचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) एकदा घेतलेला असतो. नव्या गिऱ्हाइकाला आधी त्याच शाखेत पाठवा.

प्रश्न : आमच्या घरावर अजून ६ लाखांचं कर्ज आहे. ते फेडायला पैसे नाहीत, घर विकलं तरच फिटेल. मिळकत पत्रिकेवर एका पतसंस्थेचा जुना बोजाही दिसतो. वडिलांनी ते कर्ज कधीच फेडलं होतं आणि ती संस्था आता बंद आहे. — शिवाजी पेठ

उत्तर : बँकेचं कर्ज चालू असताना घर विकता येतं, आणि ते रोज होत असतं. फक्त पैसे कुठल्या हातातून कुठल्या हातात जाणार याचा क्रम आधी लिहून ठेवावा लागतो.

बँकेकडून दोन कागद मागा : अमुक तारखेपर्यंत किती भरले की खातं बंद होईल त्याचं पत्र, आणि तिच्या ताब्यात असलेल्या मूळ दस्तांची यादी. यादी नीट वाचा, कारण आपण दिला असं वाटणारा दस्त तिथं नसतो आणि कपाटातही नसतो, असे प्रसंग येतात. ही दोन पत्रं गिऱ्हाइकाच्या बँकेला द्या. मग नोंदणीकृत साठेखत करा आणि त्यात स्पष्ट लिहा, की गिऱ्हाइकाच्या बँकेचा पहिला धनादेश ६ लाख आणि त्या दिवसापर्यंतच्या व्याजाचा, थेट तुमच्या कर्जखात्याच्या नावानं निघेल आणि उरलेला तुमच्या नावानं. मूळ दस्त तुमच्या बँकेतून गिऱ्हाइकाच्या बँकेत जातील. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. पत्रात तसा आकडा दिसला तर लेखी हरकत घ्या.

कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत देणं आणि बोजा काढणं हे बँकेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. तुमच्या व्यवहारात मात्र ३० दिवस थांबणं परवडणार नाही. कागद किती दिवसांत देणार ते शाखेकडून आधीच लिहून घ्या, कारण मूळ दस्त बऱ्याचदा शाखेत नसतात, दूरच्या कोठारात असतात आणि यायला वेळ लागतो. नोंदणीकृत गहाणखत असेल तर ते सोडल्याचा दस्तही नोंदवावा लागतो. सरसाई या केंद्रीय नोंदवहीतला बोजा बँकेनं उतरवला का, हेही विचारा. तिथं राहून गेला तर पुढची बँक अडते.

पतसंस्थेच्या बोजाचं काम लांबतं, म्हणून ते आजच सुरू करा. संस्था अवसायनात गेली असेल तर तिचे कागद अवसायकाकडं, म्हणजे तिचा कारभार मिटवायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, असतात. कोण अवसायक आहे ते सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात कळेल. वडिलांच्या शेवटच्या पावत्या, पासबुक, संस्थेचं एखादं पत्र, जे असेल ते जोडून येणे-बाकी नसल्याचा दाखला मागा. तो मिळाला की नगर भूमापन कार्यालयात बोजा कमी करण्याचा अर्ज द्यायचा. वडील हयात नसतील तर त्याच फेरीत वारसनोंद करून घ्या. बहिणींची नावं लावा. हक्कसोड करणार असतील तर ती नोंदणीकृत हक्कसोडपत्रानंच. साध्या कागदावरच्या संमतीला गिऱ्हाइकाचा वकील हात लावणार नाही.

पत्रिका हातात आहेच तर सत्ताप्रकाराचा, म्हणजे जमीन कुठल्या हक्कानं धारण केली आहे त्याचा, रकाना बघा. तिथं ‘ब’ असेल तर हस्तांतरणावर सरकारची अट असू शकते. ती आहे का, परवानगी किंवा नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतो का, याची जिल्हाधिकारी कार्यालयातून खात्री केल्याशिवाय इसार घेऊ नका.

प्रश्न : घर ४५ वर्षांचं, दगड-विटांचं लोड बेअरिंग (कॉलम नाहीत, सगळा भार भिंतींवर). कुठलीच बँक कर्ज देत नाही. एक ओळखीचं गिऱ्हाईक १८ लाख द्यायला तयार आहे : ६ लाख आता, बाकीचे तीन वर्षांत हप्त्यानं. ताबा लगेच हवा म्हणतात. नोटरी करून वटमुखत्यारपत्र द्यावं असं एजंट सुचवतो.

उत्तर : एजंटचं ऐकू नका. नोटरी केलेला कागद आणि मुखत्यारपत्र यांनी घराची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. त्यात गिऱ्हाइकाचं नुकसान आहे, आणि तुमचंही. ताबा गेला, मुखत्यारपत्र गेलं, हातात ६ लाख आले, आणि पुढचा हप्ता चुकला तर घर परत मिळवायला दिवाणी दावा लावावा लागेल.

हप्त्यानं विकायचंच तर दोन सरळ रस्ते आहेत.

पहिला : खरेदीखत आज नोंदवा, राहिलेल्या १२ लाखांसाठी गिऱ्हाइकाकडून त्याच दिवशी तुमच्या नावे नोंदणीकृत गहाणखत घ्या आणि पत्रिकेवर तुमचा बोजा चढवून घ्या. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार न मिळालेल्या किमतीपुरता विक्रेत्याचा बोजा तसाही राहतो, पण ज्याला तो माहीत नव्हता अशा पुढच्या खरेदीदारापुढं तो टिकवणं अवघड जातं. गहाणखत नोंदलेलं असलं की ‘माहीत नव्हतं’ हे कुणाला म्हणता येत नाही. खरेदीखतात ‘सर्व रक्कम पोचली’ हे छापील वाक्य राहू देऊ नका. टाईप करणारे ते जुन्या मसुद्यातून उचलतात आणि तुमचा बोजा त्या एका वाक्यानं संपतो. किती पोचले, किती राहिले, कुठल्या तारखेला किती येणार, उशिरावर किती व्याज, सगळं आकड्यांत आणि अक्षरांत लिहा.

दुसरा : आज फक्त नोंदणीकृत साठेखत, ताबा शेवटच्या हप्त्यानंतर. ताबा देऊन केलेल्या साठेखताला खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं, हे लक्षात ठेवा. गिऱ्हाइकाला राहायला जागा हवीच असेल तर वेगळा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार करा, नाममात्र का होईना दरमहा शुल्क ठेवा, आणि दोन्ही करार एकाच वकिलाकडून लिहून घ्या म्हणजे एकातलं वाक्य दुसऱ्याला काटणार नाही. किती हप्ते चुकले की साठेखत रद्द, तेव्हा ६ लाखांतले किती परत द्यायचे, किती दिवसांत, हे त्यात हवं. सगळे ६ लाख जप्त करण्याची अट लिहू नका. ती न्यायालयात टिकणं कठीण आणि ओळखीच्या माणसावर अन्यायाचीही.

आमचं मत पहिल्या रस्त्याकडं झुकतं, कारण तीन वर्षांत दोघांपैकी कुणाचं काही बरंवाईट झालं तरी वारसांपुढं दस्त पक्का असतो.

पुढच्या तारखांचे धनादेश घेणार असाल तर प्रत्येक धनादेश त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाका. परत आला तर बँकेचा तसा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत गिऱ्हाइकाला नोटीस गेली पाहिजे; त्यानंतर पैसे द्यायला १५ दिवस असतात. दया म्हणून एक महिना थांबलात तर ही मुदत हातची जाते. आणि घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावरची रक्कम रोखीनं घेऊच नका, इसारसुद्धा नाही. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

प्रश्न : पन्हाळ्याच्या पायथ्याला शेतात २० फुटी कंटेनरचं घर आठ वर्षांपूर्वी ठेवलं. आता विकायचं आहे. गिऱ्हाइकाला कर्ज मिळेल का? जमिनीसकट विकावं की नुसतं घर?

उत्तर : उचलून नेता येणाऱ्या घरावर घरकर्ज मिळत नाही. घरकर्जाचं तारण म्हणजे जमीन आणि तिच्यावरचं मंजूर बांधकाम. कंटेनर हा कायद्याच्या नजरेत जंगम माल, टेम्पोसारखा. पण टेम्पोला आरसी बुक असतं, याला तेही नाही. त्यामुळं बँकेला बोजा चढवायला जागाच नसते. गिऱ्हाईक वैयक्तिक कर्ज काढेल, सोनं ठेवेल नाहीतर रोकड्यानं घेईल. म्हणजे दर चढा सांगून उपयोग नाही.

जमिनीसकट विकायचं तर गिऱ्हाईक शेतकरी असलं पाहिजे. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. शिवाय तुकडेबंदी आहे : जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे यापेक्षा लहान तुकडा परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘कंटेनर आणि खालचे दोन गुंठे’ असा व्यवहार कुणी सुचवला तर नाही म्हणा. सुट्ट्या घराचा व्यवहार सरळ असतो : मूळ बिलाची प्रत, मापं, कंटेनरवरचा क्रमांक, सोबत काय देणार त्याची यादी, पैसे बँकेतून, आणि ‘जमिनीवर कोणताही हक्क दिलेला नाही’ हे वाक्य असलेली विक्रीपावती.

दर ठरतो तो तळावर. गिऱ्हाईक आतली फरशी आणि रंग बघतं, जाणकार माणूस खाली वाकून बघतो. कंटेनर चार ठोकळ्यांवर फूट-दीड फूट उचलून ठेवला असेल तर तळाच्या आडव्या पट्ट्या कोरड्या राहतात. थेट मुरमावर टेकवला असेल तर या भागातल्या पावसात आठ वर्षांत त्या गंजून पापुद्रे सुटतात. हातोडीनं हलकं ठोकत जा; खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर पट्टी बदलायची. मूळ तळ २८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा असतो. न्हाणीघराखाली आणि दाराच्या उंबऱ्याशी टोचा लावून तो मऊ झाला आहे का बघा. तिसरी जागा खिडक्यांची. कंटेनरच्या पत्र्याला नागमोडी घड्या असतात आणि भार पेलायचं बरंचसं काम त्या घड्याच करतात. खिडकी कापताना सगळीकडून चौकोनी पाईपची चौकट वेल्ड केली नसेल तर उचलताना तिथं पत्रा मुडपतो. लांब भिंतीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. २० फुटी कंटेनरला दोहोंत १३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर सांगाडा तिरपा झाला आहे, दारं नीट बसणार नाहीत.

भिंतीवर आतून ओलीचे डाग असतील तर ते गळतीचेच असतील असं नाही. अस्तरामागं इन्सुलेशन नसेल तर थंडीत पत्र्याला आतून घाम सुटतो. गिऱ्हाइकाला खरं कारण सांगा, नाहीतर ते छताला डांबर फासत बसेल आणि डाग तसेच राहतील.

हलवण्याचं काम डिसेंबर ते मे या काळातच काढा. पावसाळ्यानंतर शेतातली वाट बराच काळ ट्रेलर पेलत नाही. रिकामा २० फुटी कंटेनर सव्वादोन टनांच्या आसपास असतो, आतलं काम धरून बराच जड होतो. पाण्याची टाकी रिकामी करा, एसीचं बाहेरचं युनिट आणि सोलर उतरवा, नळ आणि मैलापाईप तोडून तोंडं बंद करा. साखळी चार वरच्या कोपऱ्यांच्या ठोकळ्यांनाच लावायची, मधूनच पट्टा टाकून उचलू द्यायचं नाही. वाटेतल्या विजेच्या तारांची उंची आदल्या दिवशी मोजून घ्या. हायड्रा (क्रेन), ट्रेलर आणि नव्या जागेवरचे ठोकळे यांचा खर्च कुणी करायचा, आणि उचलताना नुकसान झालं तर कुणाचं, हे पावतीत लिहा. बहुतेक भांडणं त्यावरूनच होतात.

प्रश्न : पाचगावात गुंठ्यातलं घर आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आमच्या नावावर आहे. त्यावर गिऱ्हाइकाला कर्ज होईल का?

उत्तर : नमुना ८ कर आकारणीचा आहे, मालकीचा नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, नोंदणीकृत खरेदी, रेखांकन किंवा बिगरशेतीचा आदेश आणि बांधकाम परवानगी, हे नसेल तर मोठ्या बँका नको म्हणतात. प्लॉट बेकायदा तुकड्यातला असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करता येतो का ते बघा; २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली आहेत. तुमचं गाव कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या ४२ गावांत असल्यानं नकाशाची चौकशी तिकडंच करा.

प्रश्न : शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्यात २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी होतं. गिऱ्हाइकाला सांगायलाच हवं का?

उत्तर : हवं. गिऱ्हाइकाला सहज कळणार नाही असा मोठा दोष सांगणं ही विक्रेत्याची कायद्यानं जबाबदारी आहे, आणि ते तसंही सांगायलाच पाहिजे. पाणी कुठवर आलं त्याची खूण भिंतीवर दाखवा, किती दिवस राहिलं ते सांगा आणि साठेखतात लिहा.

त्याआधी नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. नकाशातल्या निळ्या पूररेषेच्या आतला पट्टा निषिद्ध असतो, निळ्या आणि लाल रेषेमधला नियंत्रित. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. जुनं घर पाडून नवं बांधण्याच्या विचारानं कुणी घेत असेल तर त्याला हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा, कारण लाल रेषेच्या आत जोत्याची उंची लाल रेषेच्या पूरपातळीच्या वर ठेवावी लागते. मीटरचा बोर्ड आणि मुख्य स्विच २०२१ च्या खुणेच्या वर नेऊन घ्या. विक्रीआधी करण्याजोगा हा स्वस्त आणि उपयोगी खर्च आहे. भारत गृह रक्षा या प्रमाणित विम्यात पूर धरलेला असतो. चालू पॉलिसी दाखवली तर गिऱ्हाइकाची बँकही थोडी निवांत होते.

प्रश्न : १९८४ साली आजोबांनी बांधलेलं घर विकलं तर कर किती बसेल?

उत्तर : २००१ च्या आधीच्या घराला १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते, ती त्या दिवसाच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त धरता येत नाही. नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून हा अहवाल विक्रीच्या आधी घ्या, घर पाडल्यावर त्याला मोजायला काही उरत नाही. नफ्यावर १२.५ टक्के कर, महागाई निर्देशांक न लावता. घर २३ जुलै २०२४ च्या आधीचं असल्यानं निवासी व्यक्तीला निर्देशांक लावून २० टक्क्यांनी येणारा करही काढून बघता येतो. कमी असेल तेवढाच भरायचा. दुसरं घर घेणार असाल तर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत खरेदी, अथवा तीन वर्षांत बांधकाम, यावर सूट आहे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नसतील तर ते भांडवली नफा खात्यात ठेवायचे, साध्या बचत खात्यात नव्हे. व्यवहार ५० लाख किंवा त्यावरचा असेल तर गिऱ्हाईक १ टक्का कर कापून भरेल. त्याचा दाखला ताबा देण्याच्या दिवशीच मागून ठेवा.